आधी धावू दे, रंगाचं नंतर

जुन्या ब्रिटिश सायकली जमवणाऱ्यांत एक वाद कित्येक वर्षं चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हं नाहीत. गोदामात किंवा माळ्यावर सापडलेल्या सत्तर वर्षांच्या सायकलीचं करायचं काय? सगळी उकलून, रंग उतरवून, नवा मुलामा चढवून ती कारखान्यातून निघाली त्या दिवशी दिसत असेल तशी करायची? की धूळ पुसून, तेलपाणी करून, आहे त्या रंगात आणि आहे त्या ओरखड्यांसकट रस्त्यावर आणायची? पहिल्या पक्षाला चकाकी हवी असते, दुसऱ्याला खुणा. दोन्ही पक्षांत सायकलीवर जीव टाकणारी माणसं आहेत, म्हणून हा वाद नीट तपासून पाहावा असा आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक सायकलींना रंग देऊ नये. जी फिरते तिला फिरती ठेवावी, जी अडली आहे तिचे छर्रे, कोन आणि हब मोकळे करावेत, टायर-ट्यूब बदलावेत आणि रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी वर्षभर ती चालवावी. याला अपवाद आहेत आणि त्यांच्याकडे मी येणार आहे. पण आधी जमवण्यासारखं नेमकं काय आहे ते पाहू.

ब्रिटिश सायकल म्हणजे मुख्यतः इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातल्या तीन शहरांची कहाणी. कॉव्हेंट्रीत शिवणयंत्रं करणाऱ्या एका कंपनीने १८६९ मध्ये सायकली करायला घेतल्या. त्याच गावात १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' आली. जवळपास सारख्या आकाराची दोन चाकं, मधे पायडल आणि चेनने फिरणारं मागचं चाक, ही मांडणी तेव्हापासून आजतागायत टिकली आहे. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि हाडं खिळखिळी करणारं वाहन बसवेल असं झालं. बर्मिंगहॅम आणि त्याला लागून असलेलं स्मेदिक ही सुट्या भागांची गावं. ब्रुक्सच्या चामडी सीट, रेनॉल्ड्सच्या नळ्या, लुकासचे दिवे आणि घंट्या इथल्याच. बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्सही इथलेच. तिसरं शहर नॉटिंगहॅम, रॅलेचं. फ्रँक बाउडन हा हाँगकाँगमध्ये पैसा कमावून, प्रकृती बिघडवून परतलेला वकील. सायकल चालवल्याने तो बरा झाला आणि जिच्यामुळे बरं वाटलं ती बनवणारं छोटं दुकानच त्याने ताब्यात घेतलं. १८८८ मध्ये त्याची रॅले कंपनी उभी राहिली. ब्रेकच्या तारेला बाउडन केबल म्हणतात म्हणून अनेकांना ती याचीच वाटते. तिचा शोध लावणारा अर्नेस्ट बाउडन वेगळा.

पुढची सत्तर वर्षं मोठ्या माशाने लहान मासे गिळण्याची आहेत. रॅलेने १९३२ मध्ये हंबर, १९४३ मध्ये रज-व्हिटवर्थ, १९५४ मध्ये ट्रायम्फच्या सायकली आणि १९५७ मध्ये बीएसएच्या सायकली घेतल्या. १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहाशी गाठ बांधली गेली तेव्हा हर्क्युलिस आणि फिलिप्सही त्याच छत्राखाली आले. संग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की १९६५ सालच्या तीन वेगळ्या नावांच्या तीन सायकली शेजारी ठेवल्या तर समोरचा बिल्ला आणि पुढची दातेरी चकती सोडून फारसा फरक सापडत नाही. १९३० सालच्या तशाच तीन सायकली ठेवल्या तर प्रत्येकीची नळी, चिमटा आणि सांधे वेगळे बोलतात. हंबरच्या पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना जोडनळ्या, रजच्या चकतीत पंजा, रॅलेच्या चकतीत बगळे. लांबूनच ओळख पटावी अशी ही तऱ्हा होती.

आता जमवणारे काय जमवतात ते पाहू. सगळ्यात वरच्या पायरीवर पेनी-फार्दिंग, म्हणजे पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत आणि मागचं वीतभर. ती काही हजार पौंडांना जाते आणि तिच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे थांबण्याचं कारण नाही. त्याखालोखाल डर्सली-पेडरसन. मिकाएल पेडरसन हा ग्लॉस्टरशायरमधल्या डर्सली गावात राहणारा डेन्मार्कचा माणूस. त्याला सीट हवी होती झोळीसारखी, आणि ती झोळी टांगता यावी म्हणून त्याने बारीक नळ्यांच्या त्रिकोणांची सगळी फ्रेम नव्याने रचली. १८९३ चं हे पेटंट. चालवून पाहिलेला माणूस दुसऱ्या सीटवर नाखुशीनेच बसतो.

मग सनबीम. वुल्व्हरहॅम्प्टनचा जॉन मार्स्टन हा मुळात पत्र्याच्या वस्तूंवर काळा चकचकीत जपानी रोगण चढवणारा कारखानदार. १८८७ पासून त्याने सायकली केल्या तेव्हा तेच रोगण, त्यावर सोनेरी रेघा आणि चेन कायम तेलात बुडालेली राहावी अशी बंद पेटी दिली. चेनला धूळ नाही, पाणी नाही. शंभर वर्षांनंतर अशी पेटी उघडून आतली मूळ चेन शाबूत सापडल्याची उदाहरणं आहेत. संगीतकार एडवर्ड एल्गारने १९०० मध्ये रॉयल सनबीम घेतली आणि तिला 'मिस्टर फीबस' असं नाव ठेवलं. मार्स्टनच्या काळातल्या सनबीमचा मूळ रंग खरवडून काढणं हा मी गुन्हाच समजतो. तसं रोगण आज कुणी सहजासहजी चढवू शकत नाही.

शर्यतीच्या आणि क्लबांच्या हलक्या सायकलींचं जग वेगळं आहे आणि या लेखातला सर्वांत गुंतागुंतीचा भागही तोच. १९३५ मध्ये रेनॉल्ड्सने '५३१' नावाची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आणली. टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळ्या ते १८९७ पासून करत होतेच. आता पोलादच अधिक ताकदीचं झालं आणि फ्रेम आणखी हलकी करता आली. त्या वेळी ब्रिटनमध्ये रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावायला सायकल संघटनेचीच बंदी होती. पोलिसांचा रोष नको म्हणून स्वार भल्या पहाटे, एकेक करून, घड्याळाविरुद्ध धावत. पर्सी स्टॅलार्डने जून १९४२ मध्ये लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी घोळक्याची शर्यत लावून ही बंदी मोडली आणि त्याच वर्षी बंडखोरांची स्वतंत्र संघटना निघाली. या शर्यतवेड्या, बहुतांशी कामगारवर्गातल्या पोरांसाठी गावोगावच्या छोट्या कारागिरांनी फ्रेम बांधल्या. लंडनच्या टॉटनहॅममधल्या हेचिन्सच्या मागच्या नळ्या नागमोडी आणि सांधे जाळीदार कोरलेले. बेट्सच्या नळ्या मधे फुगीर. ब्रॅडफर्डच्या बेन्सची सीटखालची नळी उभी, मागच्या चाकाला जवळजवळ चिकटलेली. या वेगळेपणात यांत्रिक फायदा किती आणि दुकानाची ओळख किती, यावर संग्राहक आजही भांडतात. मला वाटतं, ओळखीचा भाग मोठा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. हेचिन्सचा एखादा कोरलेला सांधा हातात घेऊन कानशीच्या खुणा शोधाव्यात. त्या सापडतात आणि कारागिराचा हात कळतो.

रंगाच्या वादाला इथे पहिला अपवाद लागतो. क्लबचे स्वार दर काही वर्षांनी फ्रेम कारागिराकडे परत नेत आणि नवा रंग, नवी अक्षरं करून घेत. हंगाम संपला की रंग, असा रिवाजच होता. म्हणून १९४८ सालच्या हलक्या फ्रेमवर १९५६ चा रंग असला तरी तो इतिहासाचाच भाग आहे, आणि साठ वर्षांनी गंजलेली फ्रेम जाणत्या कारागिराकडून पुन्हा रंगवून घेणं हे त्या परंपरेला धरूनच आहे. अट एकच, की काम हाताने व्हावं. हल्ली रंगाची पूड भट्टीत भाजून चढवतात. तो थर जाड असतो. सांध्यांच्या धारा बुजतात, कोरीव काम बोथट होतं आणि फ्रेमनंबर वाचता येत नाही. वाळूचा मारा करून रंग उतरवणं त्याहून वाईट. पातळ नळ्या आणि उथळ ठोकलेले आकडे दोन्ही त्यात झिजतात.

आता खालच्या पायरीवर येतो आणि तिथेच रेंगाळणार आहे. काळी रोडस्टर म्हणजे २८ इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, वाटेल तितकं जड पोलाद. पोस्टमन, पोलीस, शिक्षक, परिचारिका, कामगार यांचं हे वाहन. हर्क्युलिसची स्थापना १९१० मध्ये बर्मिंगहॅमच्या क्रेन बंधूंनी केली ती स्वस्त सायकल लाखांनी खपवण्यासाठी. रॅलेचा कारखाना १९५१ मध्ये वर्षाला दहा लाखांवर सायकली काढत होता. ॲलन सिलिटोची 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' ही कादंबरी याच कारखान्यातल्या कामगाराची आहे. सिलिटोने पोरवयात तिथे काम केलं होतं. इतक्या सायकली निघाल्या म्हणूनच त्यांची किंमत कुणाला वाटत नाही. इंग्लंडात अशा सायकलीला आजही अनेकदा शंभर पौंड येत नाहीत, आणि दुरुस्तीचा खर्च त्याहून जास्त होतो म्हणून ती भंगारात जाते. दुर्मीळ वस्तू आपोआप जपली जाते. नेहमीची वस्तू संपत आली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. रोज चालवलेली, जशीच्या तशी, सगळे मूळ भाग असलेली १९३० च्या दशकातली साधी हर्क्युलिस शोधायला निघालं म्हणजे हे कळतं.

या साध्या सायकलीत एक असामान्य यंत्र दडलेलं असतं, स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांची नावं त्यावर असली तरी रचनेचं बरंच श्रेय विल्यम रायली या तिसऱ्या माणसाचं. दुसऱ्या कंपनीशी असलेल्या करारामुळे त्याचं नाव मागे राहिलं. १९३६ मध्ये आलेला 'एडब्ल्यू' हा हब इतका जमला की थोड्याफार बदलांनी तो पुढची कित्येक दशकं निघत राहिला. तो उघडला की मध्ये एक्सललाच पक्कं असलेलं २० दात्यांचं चाक दिसतं, त्याभोवती फिरणारी २० दात्यांचीच चार छोटी चाकं, आणि त्या सगळ्यांना आतून दाते असलेलं ६० दात्यांचं कडं. चेनची ताकद कड्याला दिली आणि छोट्या चाकांच्या पिंजऱ्यातून बाहेर घेतली तर वेग तीन-चतुर्थांश होतो. उलट पिंजऱ्याला देऊन कड्यातून घेतली तर एक-तृतीयांशाने वाढतो. मधल्या गिअरला कड्याची गती आहे तशी चाकाला जाते. चढ, सपाटी, उतार. दोनशे पानांच्या पुस्तकाने समजणार नाही ते हे एक कडं बोटाने फिरवून समजतं.

हा हब बिघडला असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो फक्त चिकटलेला असतो. हबच्या अंगावर तेल घालायचं छोटं झाकण असतं. त्यातून पातळ तेल घालत राहावं, ही मूळ सूचना. मालकाने वर्षानुवर्षं काही घातलं नाही, किंवा घट्ट होणारं तेल घातलं, की आतल्या खटक्यांच्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा त्यांना उचलू शकत नाहीत आणि पायडल पोकळ फिरतं. रॉकेलने धुऊन पातळ तेल घातलं की बहुधा दुसऱ्या दिवशी टिकटिक सुरू होते. गिअरची छोटी साखळी एक्सलमध्ये पूर्ण आवळून मग अर्ध्या आट्यापर्यंत सैल करायची. तारेचा ताण नीट लावायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा आहे. ताण चुकला आणि स्वार उभा राहून पायडल मारत असला की पाय एकदम हवेत जातो आणि माणूस हँडलवर आपटतो. म्हणून हे काम घाईत उरकू नये.

हबवर आकडेही ठोकलेले असतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एडब्ल्यूवर साल दोन अंकांत आणि पुढे त्याच्याबरोबर महिनाही. रॅलेच्या फ्रेमनंबरांच्या इतक्या वेगवेगळ्या मालिका होत्या की त्यावरून साल काढताना जाणकारही चाचपडतात. हबचा आकडा मात्र सरळ बोलतो. चाक कधी बदललेलं नाही ना, एवढं आधी पाहावं. आऱ्या मोजणं ही सोपी खूण. ब्रिटिश पद्धतीत पुढे ३२ आणि मागे ४० आऱ्या, आणि आपल्याकडच्या काळ्या सायकलीनेही हाच हिशेब चालू ठेवला.

दुरुस्तीची खरी परीक्षा कॉटर पिनपाशी होते. क्रँक आणि एक्सल यांना जोडणारी ही तिरकी कापलेली खीळ ब्रिटिश सायकलीत ३/८ इंचाची असते आणि पन्नास वर्षांत ती जागच्या जागी गंजून एकजीव होते. नट काढून हातोडा मारला की दोनच गोष्टी होतात: खिळीचं टोक वाकतं, नाहीतर धक्का थेट छर्ऱ्यांना जाऊन कपात खड्डे पडतात. म्हणून क्रँकखाली पोकळ नळीचा भक्कम टेकू जमिनीपर्यंत द्यावा, गंज सोडवणारं तेल घालून दोन दिवस थांबावं, नट टोकाशी सपाट ठेवून मग एकच घणासारखा ठोका द्यावा. दाबून काढायचं हत्यार मिळालं तर उत्तम. नवी खीळ बसवताना दोन्हीकडच्या खिळी एकमेकींच्या उलट दिशेने याव्यात. नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत. आणि नवी खीळ मऊ लोखंडाची निघाली तर महिन्याभरात क्रँक खटखट करू लागतो.

आट्यांचा घोळ तर संग्राहकाला रडवतो. जवळजवळ सगळा ब्रिटिश उद्योग पायडलाच्या नळीत इंचाला २४ आटे ठेवत असताना रॅलेने २६ ठेवले. दिसायला फरक नाही, बसवायला गेलं की दोन्ही भाग खराब. टायरचंही तसंच. २६ इंची म्हणून विकत घेतलेले दोन टायर एकाच रिमवर बसत नाहीत, कारण १ ३/८ च्या टायरचा आतला व्यास ५९० मिलिमीटर आणि १ १/४ च्या टायरचा ५९७. सात मिलिमीटरसाठी दुपार जाते. मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

आणखी दोन भागांना जपावं लागतं. हबमध्येच वीज करणारा डायनोहब हा १९३६ पासूनचा. त्याचं चुंबक आतल्या गुंडाळीपासून नुसतं वेगळं काढून ठेवलं की त्याची ताकद जाते आणि दिवा कायमचा मंद होतो. काढायचंच असेल तर चुंबकाच्या आत लोखंडी कडं सरकवूनच काढावं. दुसरी ब्रुक्सची सीट. जॉन बोल्टबी ब्रुक्सने १८६६ मध्ये चामड्याचा धंदा सुरू केला आणि बी-१७ ही सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजही निघते. सुकलेल्या चामड्याला हळूहळू मेणयुक्त लेप द्यावा. तेलात भिजवली तर ती झोळी होते. पुढचा ताणाचा बोल्ट पाहिला की आवळावासा वाटतो. आवळू नये. जुनं चामडं रिव्हेटपाशी फाटतं आणि मग त्याला इलाज उरत नाही.

आता पुन्हा रंगाकडे. क्रोमचा मुलामा सायकलींवर १९३० च्या आसपास आला, त्याआधी निकेल. निकेलची झाक किंचित पिवळसर, ऊबदार असते. १९१२ च्या सायकलीला क्रोम चढवून आणणारे आहेत, आणि ती पाहिल्यावर काळच चुकल्यासारखं वाटतं. युद्धाच्या वर्षांतल्या सायकलींवर मुलामा नव्हताच. हँडलपासून रिमपर्यंत सगळं काळं रंगवलेलं. तो काळा रंग खरवडून खाली चमक शोधणाऱ्याने युद्धच पुसून टाकलं. रॅलेच्या फ्रेमला रंगाआधी गंजविरोधी रासायनिक अस्तर दिलेलं असे, त्यामुळे काळ्या रंगाखाली बहुधा पोलाद चांगलं असतं. कोमट पाणी, साबण, मऊ फडकं आणि शेवटी मेण, एवढ्यात नव्वद टक्के काम होतं. सोनेरी अक्षरांना थिनर लावू नये. ती पुसून हातात येतात. गंजलेल्या रिमा आणि हँडल ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्यात ठेवले तर गंज जातो आणि उरलेला मुलामा राहतो. ते विषारी आहे, हातमोजे हवेत. समोरच्या पितळी बिल्ल्याला चिंच लावून घासायचा मोह होतो. त्याने खोलगट भागातला मूळ रंग निघून जातो.

रंग देण्याचा दुसरा अपवाद उघड आहे. फ्रेम नागडी गंजत असेल, किंवा आधीच कुणी घरगुती ब्रशने हिरवा-निळा रंग फासला असेल आणि खाली मूळ काहीच उरलं नसेल, तर रंग द्यावा. पण तेव्हाही आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत आणि सोनेरी रेघांची मापं लिहून ठेवावीत.

ही विद्या ब्रिटनमध्ये टिकली ती मुख्यतः हौशी माणसांमुळे. १९५५ मध्ये सुरू झालेला व्हेटरन-सायकल क्लब आणि त्याचं 'द बोनशेकर' हे नियतकालिक यांनी सात दशकं माहिती गोळा केली. एकेका कंपनीचा जाणकार बहुधा फ्रेमनंबर पाहून साल सांगतो. कॉव्हेंट्रीच्या परिवहन संग्रहालयात आणि वेल्समधल्या लँड्रिनडॉड वेल्सच्या राष्ट्रीय सायकल संग्रहालयात सायकली पाहता येतात. रॅलेची कागदपत्रं नॉटिंगहॅमशायरच्या अभिलेखागारात आहेत. कारखाने मात्र गेले. नॉटिंगहॅममध्ये फ्रेम बांधणं १९९९ मध्ये बंद झालं, जुळणी २००२ मध्ये. स्टर्मी-आर्चर २००० मध्ये विकली गेली आणि तैवानच्या सनरेसकडे गेली. रॅलेच्या जागेवर आज विद्यापीठाचा परिसर आहे. लंडनची 'ट्वीड रन' ही जुन्या वेशातली सायकलफेरी २००९ पासून सुरू झाली आणि जुन्या सायकलींना नवे तरुण मिळाले, हे चांगलंच झालं. सायकल चालवली गेली की तिचे भाग टिकतात.

आणि इथे आपला खरा संबंध येतो. युद्धाआधीच्या मुंबई-पुण्यात रस्त्यावर दिसणाऱ्या सायकली बहुतांशी बंदरातून उतरलेल्या ब्रिटिश होत्या: रॅले, हंबर, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स. १९३९ च्या सुमारास वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले तेव्हा ब्रिटिश कंपन्या भागीदारीत इकडे आल्या, आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स. आपली काळी सायकल त्या रोडस्टरचीच थेट वंशज आहे. म्हणून एक गोष्ट घडली जिचा अभिमान बाळगावा. इंग्लंडात ज्या २८ × १ १/२ च्या टायरचं, दांड्यांच्या ब्रेकच्या भागांचं उत्पादन थांबलं, ते भारतात चालू राहिलं, आणि तिकडचे संग्राहक आज आपल्याकडे तयार झालेले टायर लावून जुन्या रॅले चालवतात. पत्रा कधी पातळ असतो, मुलामा लवकर उडतो, हे खरं आहे. पण सायकल फिरते.

भागांपेक्षा मोठी ठेव माणसांत आहे. हाताशी खडू धरून, चाक फिरवत, जिथे खडू लागेल तिथली पलीकडच्या बाजूची आरी किल्लीने पाव आटा आवळत चाकाचा आउट काढणारा मिस्त्री अजून तालुक्याच्या गावी सापडतो. कॉटर कशी काढायची हे त्याला शिकवावं लागत नाही. गिअरचा हब मात्र त्याच्या हातात क्वचितच आलेला असतो; तो उघडताना शेजारी बसून दोघांनी मिळून उघडावा. पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. ज्याला या गोष्टीची गोडी लागली त्याने एकदा तिथे जाऊन यावं.

आपल्याकडच्या ब्रिटिश सायकलींना आणखी एक बाजू आहे जी इंग्लंडातल्या सायकलींना नाही. चिमट्यावर नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला असतो, चेनकव्हरवर पेंटरने देवनागरीत लिहिलेलं मालकाचं नाव, दांडीवर लहान मुलासाठी लावलेली छोटी सीट, स्थानिक लोहाराने केलेलं भक्कम कॅरिअर. नॉटिंगहॅमच्या कॅटलॉगशी ताडून पाहिलं तर हे सगळं 'मूळ' नाही. इथले हौशी संग्राहक ते काढून टाकतात, परदेशातून अक्षरं मागवतात आणि सायकल कॅटलॉगमधल्यासारखी करतात. मला हे मान्य नाही. ती सायकल कारखान्यात फार तर एखादा आठवडा होती. साताऱ्यात किंवा अमळनेरला साठ वर्षं होती. आसनसोलच्या सेन-रॅलेवर नॉटिंगहॅमचा बिल्ला ठोकून ती विलायती म्हणून विकणारे तर दोन्ही इतिहास बिघडवतात. आसनसोलची सायकल ही आसनसोलची म्हणूनच जपावी.

तुमच्या घरी, वाड्याच्या जिन्याखाली किंवा गोठ्यात अशी सायकल असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. मागचा हब फडक्याने पुसून त्यावरचे आकडे लिहून घ्या. सीटखालच्या सांध्यावरचा, नाहीतर पायडलाच्या नळीखालचा फ्रेमनंबर लिहा. सायकल कुणी, कधी, कुठल्या दुकानातून घेतली आणि ती कोण कुठे चालवत नेत असे, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारून त्याच कागदावर टिपा. मग टायर-ट्यूब बदला, छर्ऱ्यांत ग्रीस आणि हबमध्ये तेल घाला, ब्रेकचे रबर नवे लावा. आणि निदान वर्षभर तरी तिला रंगवाल्याकडे नेऊ नका.